नवा डेस्कटॉप घोंघावतोय? पंखा बदलण्याआधी हे करून पाहा

दुकानात हा आवाज कळतच नाही. तिथं एसी चालू असतो, शेजारी आणखी दोन-तीन मशीन उघडी पडलेली असतात, बाहेर नवी पेठेतली गर्दी असते. तोच डेस्कटॉप जुळे सोलापुरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये आला आणि रात्री टीव्ही बंद झाला, की टेबलाखालची घरघर खोलीभर ऐकू येते. मग विचारणा सुरू होते: ‘मशीन नवीन आहे, पण पंखा खराब निघाला वाटतं. बदलून घेऊ का?’ बहुतेक वेळा पंख्यात काही बिघाड नसतो. तो गरजेपेक्षा जास्त वेगानं फिरत असतो, आणि तो वेग ठरवणारी सेटिंग कुणी उघडून पाहिलेली नसते. म्हणून इथला क्रम असा: आधी ऐकायचं, मग जोडणी तपासायची, मग सेटिंग बदलायची. खरेदी सगळ्यात शेवटी.

सोलापूरकरांना एक हिशेब वेगळा धरावा लागतो. या विषयावरच्या बऱ्याच सूचना वीस-बावीस अंशांच्या थंड खोलीसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालच्या खोलीत दुपारी ३६-३८ अंश सहज असतात. पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) मिळून प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. खोली जितकी तापते, जवळजवळ तितकेच अंश प्रोसेसरही वर सरकतो. जानेवारीत नुसता बसलेला प्रोसेसर ३८ अंशांवर असेल, तर मेमध्ये काहीही न करता तो पन्नाशीच्या पुढे दिसेल. कारखान्यातून आलेली सेटिंग तेवढ्यावरच पंखा पळवायला लागते.

आणि अपेक्षाही आधीच ठरवून घ्या. एसी नसलेल्या खोलीत, मेच्या दुपारी, अजिबात आवाज न करणाऱ्या मशीनचा हट्ट धरू नका. एका सुरात चालणारा हलका आवाज कान थोड्या वेळात विसरतो. दर अर्ध्या मिनिटाला चढून उतरणारा आवाज मात्र रात्रभर टोचत राहतो. आपल्याला आधी आवाज स्थिर करायचा आहे, मग जमेल तितका खाली आणायचा आहे.

आधी कान लावा

बटण दाबल्यावर पहिले काही सेकंद सगळे पंखे जोरात फिरून मग शांत होत असतील, तर ते ठीक आहे. नवीन विंडोज टाकल्यावर पहिला एक-दोन दिवस अपडेट उतरत असतात, फाइलींची सूची बनत असते, अँटिव्हायरस सगळी डिस्क चाळत असतो. त्या काळातला आवाज धरू नका. टास्क मॅनेजर उघडा. तुम्ही काही करत नसताना सीपीयू, म्हणजे प्रोसेसरचा वापर, ४-५ टक्क्यांवर आला, की त्यानंतर जो आवाज उरतो तो आपला विषय.

डेस्कटॉपमध्ये आवाजाच्या जागा मोजक्याच असतात: प्रोसेसरवरच्या कूलरचा पंखा, कॅबिनेटचे पुढचे-मागचे पंखे, एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या) डब्यातला पंखा, आणि ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचे पंखे. बाजूची प्लेट काढा, स्वयंपाकघरातल्या फॉइलचा रोल संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी घ्या, एक टोक कानाला आणि दुसरं प्रत्येक पंख्यापासून चार बोटं लांब धरा. कुठला पंखा बोलतोय ते लगेच कळतं. खात्री करायची असेल तर मशीन बंद करून कॅबिनेटच्या एकाच पंख्याची वायर काढा आणि पुन्हा सुरू करून ऐका. प्रोसेसरच्या पंख्याची वायर काढून मशीन चालवू नका, आणि फिरत्या पंख्याला बोट लावून थांबवण्याचा प्रकार तर नकोच.

आवाजाचा पोतही बरंच सांगतो. सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवल्यासारखी टरटर येत असेल तर एखादी वायर पात्याला घासते आहे. मशीन पुण्याहून गाडीत किंवा बसमधून आणलं असेल तर हे फार वेळा होतं. वायर प्लास्टिकच्या टायनं बांधली की काम संपलं. पत्रा थरथरल्याचा आवाज येत असेल तर बाजूच्या प्लेटवर हात दाबून धरा. आवाज थांबला, तर स्क्रू ढिले आहेत. जुनी, मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क नव्या कॅबिनेटमध्ये बसवली असेल तर ती सेकंदाला १२० वेळा थरथरते आणि पातळ पत्र्याचं कॅबिनेट तिच्यासोबत गुणगुणतं. लोक पंख्याला दोष देत बसतात आणि आवाज डिस्कचा असतो. तिच्या स्क्रूखाली रबराचे वॉशर टाका. गेम सुरू केल्यावरच येणारी बारीक, चिरकी शिट्टी ही पंख्याची नसते. ग्राफिक्स कार्डावरच्या विजेच्या कॉइलची ती थरथर असते आणि गेमचा फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० किंवा ७५ वर बांधला की बरीच कमी होते. पंखा खालच्या वेगातही खरखरत असेल, तर मात्र बेअरिंगचा दोष आहे. त्यावर तेल-ग्रीस करत बसू नका. मोबाइलवर आवाजासकट व्हिडिओ काढा आणि बिल घेऊन वॉरंटीत बदलून घ्या. नव्या वस्तूत तो तुमचा हक्क आहे.

राहिला तो हवेचा सरळ घोंघाट, म्हणजे जास्त वेगाचा आवाज. शंभरातल्या बहुतेक तक्रारी याच असतात, आणि पुढचं सगळं त्यासाठी आहे.

वायर कुठं लावली आहे?

मशीन बंद करा, मागचा स्विच बंद करा, प्लग काढा, आणि प्रत्येक पंख्याची वायर कुठं जाते ते बोटानं माग काढत पाहा.

स्वस्तातल्या रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये पंख्यांच्या वायरी मदरबोर्डला न लावता थेट एसएमपीएसच्या चार पिनांच्या मोठ्या मोलेक्स जोडाला लावलेल्या असतात. तिथून त्यांना सतत पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. असा पंखा रात्रंदिवस शंभर टक्के वेगानं फिरणार, आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, काहीही बदललं तरी त्याच्यावर ढिम्म परिणाम होणार नाही. असेंबल करणाऱ्याचा पाच मिनिटांचा वेळ वाचतो आणि घरच्यांना वर्षानुवर्षं घोंघाट सोसावा लागतो. हे मला मनापासून खटकतं. दुकानदाराला मशीन बांधण्याआधीच सांगा: ‘सगळे पंखे मदरबोर्डवर लावा.’ मदरबोर्डवर जागा कमी असेल तर एका जोडावरून दोन पंखे चालवणारी स्प्लिटर वायर मिळते. बहुतेक मदरबोर्डांचा एक जोड १ अँपिअरपर्यंत झेपवतो, आणि साधे दोन पंखे त्यात आरामात बसतात. तरी पंख्यावर छापलेला अँपिअरचा आकडा वाचून बेरीज करून घ्या.

आता वायरच्या टोकाला छिद्रं किती आहेत ते मोजा. तीन असतील तर त्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतो. चार असतील तर पंख्याला कायम १२ व्होल्ट मिळतात आणि चौथ्या तारेतून वेगाचा संकेत येतो, त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. तीन तारांचा पंखा चार पिनांच्या जोडावर बसतो, फिरतोही. पण तो जोड बायोसमध्ये पीडब्ल्यूएमवर ठेवलेला असेल तर संकेत घ्यायला तारच नसते आणि पंखा पूर्ण वेगानं पळत राहतो. नव्या मशीनच्या आवाजामागं इतकं साधं कारण अनेकदा निघतं. कुठल्या जोडावर कुठला पंखा आहे हे कागदावर लिहून ठेवा, पुढच्या पायरीत लागेल.

प्लेट उघडीच आहे तर प्रोसेसरचा कूलरही हलक्या हातानं हलवून पाहा. इंटेलच्या डब्यासोबत येणारा कूलर चार प्लास्टिकच्या पिनांवर बसतो, आणि प्रवासात किंवा घाईच्या बसवणुकीत त्यातली एखादी अर्धवट राहते. कूलर एका कोपऱ्यात डुगडुगत असेल तर तो प्रोसेसरला नीट टेकलेला नाही. याची आणखी एक खूण आहे. जड काम सुरू केल्यावर दोन-तीन सेकंदांत तापमान थेट नव्वदीच्या पुढे उडतं आणि पंखा किंचाळतो. तापमान पाहायला एचडब्ल्यूइन्फो हा फुकटचा प्रोग्राम पुरतो. अशा वेळी कूलर काढून, दोघांमधली उष्णता वाहणारी जुनी पेस्ट पुसून, नवी लावून पुन्हा बसवावा लागतो. हाताला सवय नसेल तर हे काम दुकानातूनच करून घ्या आणि तिथं उभं राहून करून घ्या. कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायची राहून जाते, हेही घडतं.

बायोसमध्ये बसून अर्धा तास

खरं काम इथं आहे. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू बटण दाबत राहा, बायोस उघडेल. असूसच्या बोर्डावर पंख्यांचा भाग ‘क्यू-फॅन’ नावानं असतो, गिगाबाइटवर ‘स्मार्ट फॅन’, एमएसआयवर ‘हार्डवेअर मॉनिटर’, अॅसरॉकवर ‘फॅन-टॅस्टिक ट्यूनिंग’. आत एक आलेख दिसतो. आडव्या रेषेवर तापमान, उभ्या रेषेवर पंख्याचा वेग टक्क्यांत. यालाच फॅन कर्व्ह म्हणतात.

आधी प्रत्येक जोडाचा प्रकार नीट करा. कागदावर तीन तारा लिहिलेल्या पंख्याला डीसी (व्होल्टेजनं वेग बदलणारा प्रकार), चार तारांच्या पंख्याला पीडब्ल्यूएम. बऱ्याच मशीनचा घोंघाट एवढ्यावरच निम्मा होतो.

मग कर्व्ह. त्याच्या दोन टोकांचं काम वेगळं आहे असं धरून चला. खालचं टोक थंडीच्या रात्रीसाठी आहे आणि वरचा चढ मेच्या दुपारसाठी. उन्हाळ्यात छताचा पंखा, वाळ्याचा कूलर चालू असतो, त्यात कॉम्प्युटरचा आवाज झाकला जातो. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या दिवसांत, घरातले सगळे पंखे बंद असतात आणि मशीनचा सगळ्यात कमी वेगही कानावर येतो. म्हणून तळाचा वेग शक्य तितका खाली न्या. बायोसमध्ये वेगाचे टक्के पाच-पाचनं उतरवत जा आणि ज्या टप्प्यावर उशाशी बसूनही त्रास होत नाही तो टप्पा धरा. प्रोसेसरच्या पंख्यासाठी तो बहुधा ३० ते ३५ टक्क्यांच्या आसपास सापडतो. पंखा थांबून-थांबून फिरायला लागला तर पाच टक्के वर घ्या.

प्रोसेसरच्या पंख्यासाठी मी सुरुवातीला हे आकडे सुचवतो: ६० अंशांपर्यंत सपाट ३५ टक्के, ७० अंशांना ५०, ८० अंशांना ७५ आणि ८८ अंशांना १००. सपाट भाग ६० पर्यंत नेण्याचं कारण वर सांगितलेला आपला उन्हाळा. थंड देशातल्या सल्ल्याप्रमाणे ४५ ला चढ सुरू केला, तर मार्च ते जून पंखा कधी खाली येणारच नाही. ६० अंश ऐकून घाबरू नका. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश आहे, आणि रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर तर जड कामात ९५ अंशांपर्यंत चालतील असेच बनवले आहेत. मर्यादा ओलांडायच्या आधी प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही.

आता चढ-उताराचा बंदोबस्त. ब्राउझर उघडला की प्रोसेसर क्षणात दहा-पंधरा अंश वर जातो आणि तितक्याच झटक्यात खाली येतो. हीटसिंकचा धातू तोवर तापलेलाही नसतो, पण पंखा प्रत्येक उडीमागं धावतो. बऱ्याच बोर्डांवर यासाठी विलंबाची सोय असते, कुठं ‘स्टेप अप टाइम’, कुठं ‘स्मूदिंग’. वर चढायला तीन-चार सेकंद आणि उतरायला त्याहून जास्त द्या. एवढ्या एका बदलानं पंख्याचं सतत वरखाली होणं थांबतं.

कॅबिनेटच्या पंख्यांना प्रोसेसरच्या तापमानामागं धावायची गरज नाही. त्यांचा संबंध मदरबोर्डच्या किंवा सिस्टिमच्या तापमानाशी जोडा आणि ४० टक्क्यांच्या आसपास सपाट ठेवा, शेवटी थोडा चढ द्या. ग्राफिक्स कार्डाचा कर्व्ह बायोसमध्ये नसतो. त्यासाठी एमएसआय आफ्टरबर्नर वापरा, ते इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतं. ब्रँडेड, कारखान्यातच बांधून आलेल्या डेस्कटॉपमध्ये बायोस बहुधा इतकी मोकळीक देत नाही. तिथं ‘क्वाएट’ किंवा ‘बॅलन्स्ड’ असा तयार पर्याय असेल तर तो निवडा.

सगळं सेव्ह करून बाहेर या आणि तुमचं रोजचं जड काम वीस मिनिटं चालवा: गेम, व्हिडिओ एक्सपोर्ट, जे असेल ते. तापमान ८५ च्या आत राहिलं तर सेटिंग पक्की. ही चाचणी दुपारी तीनला करा, पहाटे नको. हिवाळ्यात मशीन घेतलं असेल तर एप्रिलमध्ये एकदा पुन्हा करा.

प्रोसेसरची भूक

एवढं करूनही जड कामात आवाज असह्य वाटत असेल, तर प्रोसेसर किती वॅट खातो ते पाहा. उदाहरणार्थ, इंटेलच्या आय-सेव्हन १२७०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण टर्बोत, म्हणजे जादा वेगात, तो १८० वॅटपर्यंत जाऊ शकतो, आणि अनेक मदरबोर्ड त्याला तिथं हवा तितका वेळ राहू देतात. डब्यातला छोटा कूलर मग जिवाच्या आकांतानं फिरतो. बायोसमध्ये पॉवर लिमिट ठरवून घेतली, समजा ९०-१०० वॅटवर, तर काम थोडं हळू होतं आणि आवाज खूपच उतरतो. एएमडीवर याचं नाव ‘इको मोड’. १०५ वॅटचा रायझन प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत घेतो, तो ६५ वॅटच्या इको मोडमध्ये ८८ वर थांबतो. ऑफिसची कामं, अभ्यास, टॅली, ऑनलाइन परीक्षा यांत हा फरक जाणवतही नाही. उन्हाळ्याचे चार महिने तरी ही मर्यादा ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे.

जागा, धूळ आणि सूत

कॉम्प्युटर टेबलाच्या दारवाल्या कप्प्यात कॅबिनेट कोंबू नका. गरम हवा मागून बाहेर पडते आणि पुढून पुन्हा आत येते. मागं किमान वीतभर जागा सोडा. थरथर कमी व्हावी म्हणून कॅबिनेटखाली चादरीची घडी घालणारी घरं आपल्या गावात बरीच आहेत. सोलापुरी चादर जाडजूड असते, पण बहुतेक नव्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाला असतो आणि खालच्या जाळीतून हवा ओढतो. चादरीनं ती जाळी बंद होते आणि एसएमपीएसचा पंखा जोरात फिरायला लागतो. त्याऐवजी चार पायांखाली रबराचे तुकडे ठेवा. मशीनवर घातलेलं कव्हर सुरू करण्याआधी पूर्ण काढायचं, नुसतं वर सारायचं नाही. वाळ्याच्या कूलरचा ओला झोतही थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका.

पूर्व भागात, यंत्रमागांच्या आसपास राहणाऱ्यांसाठी एक खास सूचना. तिथल्या हवेत सुताचे बारीक तंतू असतात. ते साध्या धुळीसारखे उडून जात नाहीत, जाळीवर त्यांचा नमदा तयार होतो. इतर ठिकाणी दोन-तीन महिन्यांनी जाळी साफ केली तरी चालतं, तुम्ही दर दोन आठवड्यांनी पाहा. जाळी काढून रंगाच्या मऊ ब्रशनं झाडा. आतली धूळ ब्लोअरनं उडवताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भलत्याच वेगानं फिरून बेअरिंग बिघडतं. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी आणि तेलाचा अंश असतो. एसएमपीएसचा डबा तर कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात विजेचा धोकादायक दाब साठलेला असू शकतो.

लाइट गेल्यावर मशीन इन्व्हर्टरवर चालत असताना एसएमपीएसमधून गुंजन ऐकू येत असेल आणि लाइट आल्यावर ते थांबत असेल, तर दोष इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीचा आहे. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस हाच त्यावर इलाज. यूपीएसलाही स्वतःचा पंखा असू शकतो, घेताना तो चालू करून ऐका.

आता खरेदी

एवढं करूनही आवाज उरला, तर पहिला पैसा प्रोसेसरच्या कूलरवर घाला. डब्यातल्या छोट्या कूलरच्या जागी चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा), १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर बसवला की तोच प्रोसेसर खूप कमी वेगात थंड राहतो. घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी आणि कूलरची उंची जुळते का ते पाहा, आणि तो तुमच्या मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या सॉकेटला (खाचेला) बसतो याची खात्री करा.

त्यानंतर कॅबिनेटचे पंखे. इथं एक गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर त्याची हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. त्याच्याशेजारी तसाच दुसरा पंखा लावला तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. म्हणजे १,८०० फेऱ्यांच्या एका पंख्याऐवजी ९०० फेऱ्यांचे दोन लावले, तर हवा जवळपास तेवढीच आणि आवाज साधारण १२ डेसिबल कमी. कानाला हा फरक निम्म्याहून जास्त वाटतो. म्हणून मोठे, चार तारांचे, सावकाश फिरणारे पंखे घ्या. कॅबिनेट अजून घ्यायचंच असेल तर पुढं काच असलेलं टाळा, जाळीचं घ्या. काचेआडून हवा ओढणारा पंखा कितीही चांगला असला तरी कण्हतो. आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा एखादा जास्त ठेवा, म्हणजे हवा जाळीतूनच आत येईल आणि फटींमधून सूत शिरणार नाही.

नवा पंखा बसवल्यावर बायोसमध्ये परत जायला विसरू नका. जुन्या पंख्याचे ४० टक्के आणि नव्याचे ४० टक्के यांचा वेग सारखा नसतो. प्रकार, तळाचा वेग आणि चढ पुन्हा ठरवा आणि ते आकडे कागदावर लिहून ठेवा, कारण बायोस अपडेट केला की ही सगळी सेटिंग, बायोसमध्ये साठवलेल्या प्रोफाइलसकट, पुसली जाऊ शकते.